हरवलेले मूल आणि शेवटचे पान

दिवाळी सरली की आमच्या मालवणी मुलखात जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवळासमोर खाज्याची दुकाने लागतात, पेट्रोमॅक्सच्या जागी आता विजेच्या माळा आल्या आहेत, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावताराचा मृदंग वाजू लागतो. या साऱ्या गजबजाटावर अधूनमधून एक आवाज तरंगत येतो. कर्ण्यातून कोणीतरी सांगत असतो: निळी चड्डी, पांढरा सदरा, वय वर्षे चार-पाच, नाव सांगत नाही, नुसता रडतो आहे, ज्यांचा असेल त्यांनी मांडवात यावे. थोड्या वेळाने आई धापा टाकीत येते, पोराच्या पाठीत आधी एक धपाटा घालते आणि मग त्याला उचलून घेते. भोवतालचे हसतात आणि नाटकाकडे वळतात.

हरवलेल्या मुलाची जी कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे ती एवढीच. मूल हरवते, हाक दिली जाते, मूल सापडते. आपले बहुतेक कथावाङ्मय आणि आपले चित्रपट या कर्ण्याच्या हाकेहून फारसे पुढे गेलेले नाहीत, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तसे वाटण्यास काही बातम्या कारण झाल्या, आणि एका वाचक बाईंचा एक प्रश्न. बाईंकडे मी मागाहून येतो, आधी बातम्या.

२२ जानेवारी २०१३ रोजी मुंबईत अंधेरीला सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले साहाय्यक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्यापुढे २००८ ते २०१५ या वर्षांत हरवलेल्या मुलींची १६६ प्रकरणे आली होती. त्यांतल्या १६५ मुली सापडल्या. राहिली ती ही एकटी. २०१५ साली भोसले सेवानिवृत्त झाले, पण शोध त्यांनी सोडला नाही. ४ ऑगस्ट २०२२ रोजी मुलगी सापडली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि राहत होती स्वतःच्या घरापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर! पोलिसांचे म्हणणे असे, की एका निपुत्रिक जोडप्याने तिला नेले. काही काळ कर्नाटकात वसतिगृहात ठेवले. पुढे त्यांना स्वतःचे मूल झाले तेव्हा तिला परत आणून ते मूल सांभाळायला लावले आणि कामाला जुंपले. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने तिची हकीकत मनावर घेतली आणि इंटरनेटवर शोधता शोधता ‘हरवली आहे’ असे जुने पत्रक तिच्या हाती लागले. पत्रकावर पाच टेलिफोन क्रमांक होते. चार बंद पडलेले. पाचवा एका शेजाऱ्याचा, तो लागला. त्या घरातल्या पुरुषाला अटक झाली. आई भेटली. वडील तोवर वारले होते.

सातपासून सोळापर्यंत म्हणजे दुसरीपासून दहावीपर्यंत. माझा जन्म हजेरीपुस्तके भरण्यात चालला आहे, म्हणून मला हा हिशेब चटकन सुचला. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘नऊ वर्षांनी’ हे दोन शब्द होते, आणि मग अटकेची हकीकत होती. वाचणाऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला.

दुसरी बातमी दूरची आणि अधिक जुनी. २५ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या सोहो भागात प्रिन्स स्ट्रीटवर राहणारा सहा वर्षांचा एटन पॅट्झ शाळेच्या बसथांब्यापर्यंत आयुष्यात प्रथमच एकटा निघाला. थांबा अगदी जवळ होता. मुलगा तेथे पोचला नाही. बाप व्यवसायाने छायाचित्रकार, म्हणून मुलाची सुरेख छायाचित्रे घरात होती; ती भिंतीभिंतींवर लागली आणि पुढे दुधाच्या खोक्यांवर छापली गेली. १९८३ साली अध्यक्ष रेगन यांनी २५ मे हा हरवलेल्या मुलांचा दिवस म्हणून जाहीर केला. आईबापांनी कितीतरी वर्षे घर बदलले नाही आणि टेलिफोनचा क्रमांकही बदलला नाही. पोराने कधी फोन केलाच तर तो लागला पाहिजे. २००१ साली कायद्याने मुलाला मृत ठरवले. एक संशयित दुसऱ्या गुन्ह्यासाठी तुरुंगात होता. त्याला बाप वर्षातून दोनदा, मुलाच्या वाढदिवशी आणि हरवल्याच्या तिथीला, मुलाचे ते पत्रक पाठवी, आणि पाठीमागे एकच प्रश्न लिही: माझ्या मुलाचे तू काय केलेस?

मे २०१२ मध्ये अटक झाली ती भलत्याच माणसाची. १९७९ साली तो त्याच गल्लीतल्या वाणसामानाच्या दुकानात नोकर होता, वय वर्षे अठरा. त्याने कबुली दिली होती. मुलाचा मात्र काहीही मागमूस लागला नव्हता. २०१५ साली ज्यूरीचे एकमत झाले नाही. २०१७ साली तो दोषी ठरला. तोवर बापाचीही खात्री पटली होती, की खरा गुन्हेगार हाच. आणि जुलै २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने तोही निकाल रद्द केला. ज्याला बाप वर्षानुवर्षे प्रश्न विचारीत होता तो एक, ज्याला शिक्षा झाली तो दुसरा, आणि सेहेचाळीस वर्षांनी पुन्हा प्रश्नचिन्ह. कोणत्याही कादंबरीकाराने असा शेवट लिहून आणला असता तर प्रकाशकाने हस्तलिखित परत केले असते.

आपल्याकडे घाटावरचे कोल्हापूरचे गावित मायलेकींचे प्रकरण सणाच्या दिवसांत उगाळण्यासारखे नाही, म्हणून ओझरतेच सांगतो. त्यांना १९९६ साली अटक झाली, दोघी बहिणींची फाशी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबापायी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. अटकेनंतर पंचवीस वर्षे हे प्रकरण चालूच होते. त्यावर २०१९ साली ‘पोशम पा’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्याची सगळी नजर त्या तिघी बायकांच्या मनावर आहे. ज्यांची मुले गेली त्या आया कोण, कुठल्या, हे विचारायला त्याला सवड नाही.

आता आपल्या कथांकडे वळू. ‘वक्त’ (१९६५) मध्ये भूकंप होतो आणि लाला केदारनाथांची तीन मुले तीन दिशांना जातात. ‘यादों की बारात’ (१९७३) मध्ये भाऊ लहानपणच्या गाण्यावरून एकमेकांना ओळखतात. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) तर आता सणासुदीला घरोघरी पुन्हा पाहिला जातो, आणि तो पाहताना मला आजही मजा येते. समीक्षा लिहितो म्हणून खोटे का बोला? या चित्रपटांत मूल हरवणे हे दुःख नसून सोय आहे. पहिल्या रिळात गाठ मारायची आणि शेवटच्या रिळात सोडायची. मधली वीस वर्षे एका धावत्या आगगाडीच्या चाकांत किंवा पळणाऱ्या मुलाच्या पायांत उरकतात: लहान पाय धावतात, धावता धावता मोठे होतात, आणि कॅमेरा वर गेला की नायक उभा. ही युक्ती आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की त्या पायांच्या बाहेरही कोणी वीस वर्षे जगत होते हे ध्यानातच येत नाही.

रहस्यकथेची तऱ्हा निराळी, पण घाई तीच. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर माझे बाळपण पोसले. अशा कथांत शेवटच्या पानावर बेड्यांचा खणखणाट होतो. मूल सापडो वा न सापडो, गुन्हेगार सापडला की हिशेब मिटला. वाचकाला पुस्तक मिटायचे असते आणि लेखकाला पुढचे सुरू करायचे असते.

दुसऱ्यांचे दोष काढताना स्वतःचा लपवणे बरे नव्हे. माझ्या एका कादंबरीत जत्रेत एक मुलगा हरवतो. नाव सांगत नाही. वाचनालयांतून ती बरी फिरते एवढे ऐकून आहे. बावीस वर्षांनी तो एस. टी. चा कंडक्टर होऊन त्याच गावच्या गाडीवर येतो आणि सुट्या पैशांवरून आईशी हुज्जत घालतो. तेथून ओळख पटते. हा प्रसंग मला फार साधला असे वाटत होते. लोकांनी तसे सांगितलेही.

एके दिवशी आमच्या वाचनालयात सत्तरीच्या एक बाई माझ्यासाठी थांबून होत्या. मी त्यांना काकी म्हणतो. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा असताना एका जत्रेत हरवला, तो आजतागायत सापडलेला नाही, हे गावात सर्वांना ठाऊक; मलाही ठाऊक होते, आणि तरीही ती कादंबरी लिहिताना मला त्यांची आठवण झाली नव्हती. पुस्तक परत करता करता त्या म्हणाल्या, “मास्तरांनू, पोरगो परत इलो ता बरा केलास. माका रडूक इला. पण ती बावीस वर्सां एका वळीत कशी घातलास? तेच्या आवशीन त्या वर्सांत काय केल्यान, ता तुमी लिवूकच नाय.”

मी पान काढून पाहिले. खरोखरच एक ओळ होती: ‘बावीस वर्षे लोटली.’

विषय निघालाच म्हणून मी त्यांना मुंबईच्या मुलीची बातमी सांगितली. वाटले, त्यांना धीर येईल. त्यांनी ती आधीच वाचली होती. अशी कुठलीही बातमी त्या सोडत नाहीत. पण पुढे जे बोलल्या ते माझ्या ध्यानीमनी नव्हते. “धरल्यानी म्हणान वाचला काय माझ्या छातीत धस्स होता,” त्या म्हणाल्या. “कोणाक धरूक नाय, तोपर्यंत तो खंयतरी आसा.”

रहस्यकथेचे अख्खे शास्त्र या वाक्यापुढे मला लंगडे वाटू लागले. अटक म्हणजे वाचकाची सुटका, हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. ज्या घरातले मूल गेले त्या घराला अटक हा धाक आहे. जोवर कोणी धरला गेलेला नाही तोवर मूल कुठेतरी मोठे होत आहे, जेवते आहे, कदाचित कोणाची सुटी नाणी मोजते आहे. धरलेला माणूस तोंड उघडेल, आणि त्याच्या तोंडून काय येईल ते कोणी सांगावे? मुंबईच्या आईला मुलगी मिळाली, पण ती त्या तोंडून नव्हे. न्यूयॉर्कच्या आईबापांना एक कबुली मिळाली, आणि तीही न्यायालयात टिकली नाही.

ही कसोटी घेऊन मी काही पुस्तके पुन्हा पाहिली. बेथ गचन या अमेरिकन लेखिकेची ‘स्टिल मिसिंग’ ही कादंबरी १९८१ सालची, म्हणजे एटन नाहीसा झाल्यानंतर दोनच वर्षांनी आलेली. त्या प्रकरणाची छाया तिच्यावर आहे असे मानले जाते. येथेही सहा-सात वर्षांचा मुलगा शाळेला निघतो आणि पोचत नाही. लेखिकेचे श्रेय हे, की ती दिवस मोजते. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. मग सहानुभूती पातळ होत जाते. मग स्नेहीच सुचवू लागतात, की आता मन आवर, तो गेला असे धर. अशा वेळी एका माणसाला अटक होते. सर्वांच्या लेखी प्रकरण मिटते. आईच्या लेखी मिटत नाही; हा माणूस तो नव्हे, असे तिचे मन घेते, आणि ती एकटी पडते. अटक कादंबरीच्या शेवटी न ठेवता मध्येच ठेवली, हा या पुस्तकाचा खरा पराक्रम होय. तिच्यानंतर वाचकाला कळते, की आता आपला आणि आईचा रस्ता वेगळा झाला. शेवटी मुलगा जिवंत सापडतो. १९८३ सालच्या ‘विदाउट अ ट्रेस’ या चित्रपटातही तसेच आहे. कोणी म्हणेल, मग तुमच्या कंडक्टरात आणि यात फरक काय? फरक मधल्या पानांचा. तिने ती भरली आहेत, मी ती एका ओळीत उडवली. तरीही मनात येतेच, की हे पुस्तक दुकानात मांडले गेले त्या दिवशीही प्रिन्स स्ट्रीटवरच्या त्या घरात टेलिफोनकडे कान लावून कोणी बसलेले होते.

याच्या उलट टोकाला स्विस लेखक ड्युरेनमाट उभा आहे. त्याने एका चित्रपटासाठी कथा लिहिली. तीत लहान मुलीचा खुनी अखेर पकडला जातो. चित्रपट झाला, पण लेखकाचे समाधान झाले नाही. त्याने तीच कथा कादंबरी म्हणून पुन्हा लिहिली, तिचे नाव ‘वचन’, आणि उपशीर्षकात तिला रहस्यकथेची मृत्युप्रार्थना म्हटले. आपल्या भाषेत, रहस्यकथेचे तेरावेच घातले म्हणा ना! इन्स्पेक्टर मॅटाय मुलीच्या आईला वचन देतो, की मी त्याला शोधीन. नोकरी सोडतो, खुनी ज्या रस्त्याने जाणार असे त्याचे गणित सांगते त्या रस्त्यावर पेट्रोलपंप घेतो आणि वाट पाहत बसतो. गणित अचूक असते. खुनी निघालेलाही असतो. पण वाटेत मोटारीच्या अपघातात मरतो, आणि हे मॅटायला कळत नाही. तो वाट पाहतच राहतो, पिऊन पिऊन माणसातून उठतो. अटकेवाचून संपणारी याहून भेदक रहस्यकथा मला माहीत नाही. एक तक्रार मात्र आहे. वचन दिले गेले ते आईच्या दारात, आणि कादंबरी ते दार ओढून घेऊन पुढे गेली. शोधणाऱ्याची वाट पाहणे तिने पानोपानी लिहिले, पण आईला ती विसरली. शिवाय खुन्याला गळाला लावायला मॅटाय दुसऱ्याच एका लहान मुलीला आमिष म्हणून पुढे करतो. त्याचे वेड किती खोल आहे ते लेखकाने तेथे कोणाचीही भीड न ठेवता दाखवले आहे.

आणि मग मला सापडले ते आपल्याच घरात. सप्ताहात आपण सर्वांनी ऐकलेले प्रद्युम्नाचे आख्यान. रुक्मिणीचा तान्हा मुलगा बाळंतिणीच्या खोलीतून शंबरासुराने पळवला. विष्णुपुराण म्हणते सहाव्या दिवशी. भागवत म्हणते, दहा दिवसांचाही झाला नव्हता. सटवीच्या रात्री आपल्या बायका जागतात त्यामागची भीती किती जुनी आहे पाहा. शंबराने मूल समुद्रात फेकले, मोठ्या माशाने ते गिळले, कोळ्यांनी जाळ्यात मासा धरला आणि नजराणा म्हणून नेऊन दिला तो शंबराच्याच घरी! आचाऱ्यांनी मासा चिरला, आत जिवंत मूल. ते स्वयंपाकघरात राबणाऱ्या मायावतीच्या हवाली झाले. किनाऱ्यावरच्या माणसाला ही गोष्ट ऐकताना जाळ्याचा ओला वास येतो. पण मला आता दुसरेच दिसते. हरवलेले मूल चोराच्याच घरात, चुलीपाशी वाढत होते. अंधेरीची मुलगी मला त्या माशाची आठवण करून देते. पुढे मायावतीचे आणि त्याचे जे नाते जुळते तो भाग कीर्तनकार भराभर उरकतात, मीही उरकतो.

मोठा होऊन प्रद्युम्न शंबराला मारतो. रहस्यकथा असती तर येथे संपली असती. भागवतकार तेथे थांबत नाही. तो तरुण द्वारकेला येतो, अंतःपुरातल्या स्त्रियांना वाटते कृष्णच आला, त्या लाजून बाजूला होतात. रुक्मिणी त्याच्याकडे पाहते, आणि तिला पान्हा फुटतो. तिला हरवलेल्या मुलाची आठवण येते. तिच्या मनात येते, की बाळंतिणीच्या खोलीतून गेलेला माझा मुलगा कुठे जिवंत असेल तर तो याच वयाचा, याच रूपाचा असेल.

याच वयाचा! दहाव्या स्कंधाच्या पंचावन्नाव्या अध्यायात हे येते. मधल्या वर्षांबद्दल त्याने काही लिहिलेले नाही, माझ्यासारखेच. पण वय बरोबर येते ते त्या वर्षांत तिने रोज मोजले म्हणून. कृष्ण तेथे उभा आहे. त्याला सारे ठाऊक आहे, आणि तो गप्प राहतो. उलगडा करतो तो नारद. जाणणारा गप्प आणि मोजणारी ती, हे पुराणकाराला दिसले होते. आमच्या चित्रपटवाल्यांना आणि मला दिसले नाही.

हे सगळे मी काकींना सांगितले. व्याख्यान देण्याची सवय मास्तराला जात नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या. प्रद्युम्नाची कथा त्यांना माझ्याहून चांगली येत होती; पान्ह्याचा भाग त्यांनीच मध्ये पुरा केला. मग त्यांनी आपली मधली वर्षे सांगितली, आणि ती सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. दर वर्षी चवथीच्या आधी त्या एक सदरा घेतात. मुलाच्या अंगाचे माप ठाऊक नसणार. म्हणून त्याच्याच वयाचा, त्याच वर्षी जन्मलेला शेजारचा मुलगा होता, त्याला बोलावून त्याच्या पाठीला धरून पाहायचा. गणपती विसर्जनाला गेले की तो सदरा त्या शेजारच्या मुलालाच देऊन टाकायचा. पहिल्या वर्षी सहा वर्षांच्या मापाचा होता.

“अजून घेता?” मी विचारले.

“घेतंय तर. पण आता माप कळना नाय,” काकी म्हणाल्या. “शेजारच्याचा पोट सुटलाहा. आमच्याचा सुटला आसात काय नाय, कोण जाणा.”